मातीतला बिनपगारी भागीदार
जिवाणू, त्यांचे उपयोग आणि घाटनांदूरच्या बाजारातला एक दुर्लक्षित धंदा

मृग लागला की घाटनांदूरच्या बाजारात एकच गर्दी उसळते. अंबाजोगाई तालुक्यातले हे गाव परळी ते लातूर रोड या लोहमार्गावरचे. आसपासच्या खेड्यांतील शेतकरी बी-बियाणे आणि खतांसाठी इथे येतात. कृषी सेवा केंद्राच्या फळीसमोर उभे राहून ऐकावे तर मागणी ठरलेली असते. सोयाबीनच्या इतक्या बॅगा, डीएपीच्या इतक्या, युरियाच्या इतक्या. खताची गाडी उशिरा आली तर चेहरे उतरतात. रांगा लागतात, वादही होतात.

त्याच दुकानात, बहुधा सर्वांत खालच्या फळीवर, पाव किलोची काळसर भुकटीची काही पाकिटे किंवा द्रवाच्या काही बाटल्या पडलेल्या असतात. त्यांच्यावर लिहिलेले असते, 'रायझोबियम जिवाणू संवर्धक'. त्यांच्यासाठी रांग लागलेली आम्ही कधी पाहिली नाही. कोणी मागितलेच तर दुकानदार धूळ झटकून देतो. या पाकिटात नेमके काय आहे, ते कसे काम करते आणि त्यात व्यापाराला किती वाव आहे, हे समजावून सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

कापडाच्या व्यापाऱ्याने लावलेला शोध

व्यापाराच्या पानावर हे सांगायला आम्हाला आनंद वाटतो की, जिवाणू प्रथम पाहिले ते एका कापड व्यापाऱ्याने. हॉलंडमधील डेल्फ्ट शहरातील आंतोनी व्हान लेव्हेनहूक हा गृहस्थ दुकानदारी करीत असे. कापडाचे धागे तपासण्यासाठी व्यापारी भिंग वापरीत. याला भिंगांचाच नाद लागला. मिरी तिखट का लागते हे शोधण्यासाठी त्याने मिरी पाण्यात भिजत घातली आणि १६७६ साली त्या पाण्याचा थेंब भिंगाखाली धरला. तिखटपणाचे कारण काही सापडले नाही, पण थेंबात वळवळणारे असंख्य सूक्ष्म जीव दिसले.

पुढे जवळजवळ दोनशे वर्षे हा केवळ कुतूहलाचा विषय राहिला. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या लुई पाश्चरने दूध आंबणे, सिरका तयार होणे या क्रियांमागे सूक्ष्म जीव असतात हे दाखविले. जर्मनीच्या रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू १८८२ साली ओळखला. तेव्हापासून 'जंतू' म्हटले की रोग, हेच समीकरण आपल्या मनात बसले. वास्तविक रोग पसरविणारे जिवाणू एकूण जिवाणूंमध्ये अगदी थोडे. बाकीचे कोणाला त्रास न देता आपापले काम करीत असतात, आणि त्यांतील कित्येकांच्या कामावर आपला संसार चालतो.

घरातलीच उदाहरणे

आपल्या आया-बहिणी रोज रात्री दुधाला विरजण लावतात. चमचाभर दह्यातील जिवाणू रात्रभरात दुधातील साखरेचे आम्ल करतात आणि सकाळी दही लागलेले असते. विरजण म्हणजे दुसरे काही नसून जिवाणूंचे बियाणेच आहे. दूध फार गरम असताना विरजण लावले तर दही लागत नाही, कारण बियाणेच मरते. ही साधी गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

सिरक्याचेही तसेच. उसाच्या रसात आधी यीस्ट आपले काम करते आणि मग हवेच्या साहाय्याने जिवाणू त्याचा सिरका बनवितात. म्हणूनच सिरक्याच्या बरणीला घट्ट झाकण न लावता फडके बांधतात.

मराठवाड्यातील वडीलधाऱ्यांना अंबाडीचा आणि तागाचा वाख आठवत असेल. कापलेल्या पेंढ्या डोहात दगडाखाली दाबून ठेवीत. काही दिवसांनी पाण्याला घाण वास सुटे आणि साल काडीपासून अलगद सुटे. त्या सालीचे चऱ्हाट, दावी, कासरे वळले जात. सालीला काडीशी चिकटवून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ पाण्यातील जिवाणू खाऊन टाकीत. दोरखंडाचा तो सारा धंदा जिवाणूंच्या मेहनतीवर उभा होता आणि त्यांचे नावही कोणाला ठाऊक नव्हते.

औषधांच्या क्षेत्रातही हीच कथा. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथील शास्त्रज्ञांनी मातीतील एका जिवाणूपासून बुरशीजन्य रोगांवरचे 'हॅमायसिन' हे औषध शोधून काढले आणि त्या जिवाणूच्या नावात पिंपरीचे नाव गोवले, 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. आपल्या मातीतला एक जीव अशा रीतीने जगाच्या शास्त्रात नोंदला गेला.

मधुमेहाचे रुग्ण असलेल्या घरांना आणखी एक गोष्ट जवळची वाटेल. पूर्वी इन्शुलिन गायी आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जाई. आमच्या समाजातील अनेक रुग्णांना त्याचा साहजिकच संकोच वाटे. १९७८ साली अमेरिकेत मानवी इन्शुलिनचा गुण एका जिवाणूत घालून त्याच्याकडून ते तयार करवून घेण्यात यश आले आणि १९८२ साली तिथे त्याच्या विक्रीला परवानगी मिळाली. त्यानंतर प्राण्यांच्या इन्शुलिनची गरज जगभर कमी होत गेली.

मुळावरच्या गाठी

आता मूळ मुद्द्याकडे वळू. पिकाला नत्र लागते. हवेत नत्र भरपूर, शंभरात अठ्ठ्याहत्तर भाग. पण ते पिकाला घेता येत नाही, कारण त्याचे दोन अणू एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. ही पकड सोडविण्याची रीत जर्मनीत फ्रिट्झ हाबर याने १९०९ साली दाखविली आणि १९१३ साली पहिला मोठा कारखाना सुरू झाला. त्यासाठी चारशे अंशांहून अधिक उष्णता आणि हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. युरिया तयार होतो तो याच मार्गाने. त्यासाठी गॅस जाळावा लागतो आणि सरकारला अनुदानाचा मोठा बोजा उचलावा लागतो.

हेच काम रायझोबियम नावाचे जिवाणू शेतातल्या साध्या मातीत, साध्या उन्हात करतात. सोयाबीन, तूर, मूग, उडीद, हरभरा, भुईमूग या शेंगवर्गीय पिकांच्या कोवळ्या मुळांत ते शिरतात. तिथे गाठी तयार होतात. गाठीत बसून जिवाणू हवेतील नत्राचे पिकाला घेता येईल असे रूपांतर करतात. मोबदल्यात पीक त्यांना आपल्या पानांत तयार झालेली साखर देते. हा चोख भागीदारीचा व्यवहार आहे. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत आणि नफा दोघांचा. सोयाबीनला लागणाऱ्या एकूण नत्रापैकी निम्म्याच्या आसपास नत्र या भागीदारीतून मिळते.

ही गोष्ट शास्त्राला उमजून फार काळ झालेला नाही. हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने गाठी आणि नत्राचा संबंध १८८६ साली जाहीर केला. हॉलंडच्या बायरिंक याने १८८८ साली गाठीतील जिवाणू वेगळा काढून दाखविला. आणि व्यापार किती चपळ असतो पाहा, १८९६ सालीच जर्मनीत 'नायट्राजिन' या नावाने हे जिवाणू बाटलीत भरून विकायला सुरुवात झाली. आपल्या देशात या विषयाच्या अभ्यासाचा आरंभ १९२०च्या सुमारास एन. व्ही. जोशी यांनी केला. मराठवाड्यात परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. आता वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ते ओळखले जाते आणि तेथे तयार झालेली जिवाणू संवर्धके शेतकऱ्यांना विकली जातात. घाटनांदूरहून परळीमार्गे रेल्वेने परभणीला जाता येते.

पाहुणे पीक, पाहुणा जिवाणू

येथे एक प्रश्न कोणीही विचारील. आपल्या मातीत हे जिवाणू आधीपासून नाहीत का? तूर, मूग, उडीद, चवळी यांचे आहेत. ही पिके आपल्या रानात पिढ्यान्‌पिढ्या होत आली. पण प्रत्येक जिवाणू प्रत्येक पिकाशी भागीदारी करीत नाही. तूर, मूग, उडीद, भुईमूग यांचा एक गट. हरभऱ्याचा वेगळा आणि सोयाबीनचा त्याहून वेगळा. सोयाबीन मूळ चीनकडचे. आपल्याकडे ज्वारी आणि कपाशीच्या रानांत ते गेल्या तीन-साडेतीन दशकांत पसरले. पीक आले, पण त्याचा भागीदार आपोआप आला नाही. तो सोबत आणावा लागतो. म्हणून ज्या रानात सोयाबीन प्रथमच घेतले जाते, तिथे संवर्धकाचा फायदा सर्वांत ठळक दिसतो. वर्षानुवर्षे सोयाबीन घेतलेल्या रानात तो कमी दिसेल, कारण जिवाणू तिथे थोडेफार वस्तीला असतात. तरीही कडक उन्हाळा आणि दुष्काळाने त्यांची संख्या घटते. बीड जिल्ह्याला दुष्काळ नवा नाही, म्हणून दरवर्षी बियाण्याला संवर्धक लावावे असा सल्ला दिला जातो.

आमचा अनुभव

ही सारी माहिती आम्हाला आधीपासून होती असे नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या घरच्या तीन एकरांत पहिल्यांदा सोयाबीन पेरायचे ठरले. कोणीतरी सांगितले म्हणून एका दुकानातून (नाव सांगण्यात हशील नाही) नऊ पाकिटे आणली, बियाण्याला चोळली आणि पेरणी केली. चाळीस दिवसांनी रान पिवळसर दिसू लागले. झाडे उपटून पाहिली तर मुळे जवळजवळ बोडकी. शेजारच्या रानात, जिथे सोयाबीनचे ते चौथे वर्ष होते, गाठीच गाठी. घरी येऊन रिकामी पाकिटे उलटून पाहिली तेव्हा मुदत मार्चमध्येच संपलेली दिसली. दुकानात जाऊन सांगितले तर उत्तर मिळाले, "अहो, ती नुसती काळी माती असते. कंपनी देते म्हणून ठेवतो. युरिया टाका, हिरवं होईल."

आम्ही युरिया टाकला. रान हिरवे झाले, खर्च वाढला आणि उतारा जेमतेम आला. राग दुकानदाराचा कमी आणि स्वतःचा जास्त आला. किराणा घेताना आपण मुदत पाहतो. इथे पाहिली नाही, कारण पाकिटात जिवंत वस्तू आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हते. दुकानदारालाही नव्हते. गरम दुधात विरजण घालून दह्याची वाट पाहावी, तसा तो प्रकार झाला.

पाकिटात असावे काय?

जिवाणू खते २००६ सालापासून केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेशाखाली आली. त्यातील मानकाप्रमाणे भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान पाच कोटी आणि द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये किमान दहा कोटी जिवंत जिवाणू असले पाहिजेत. भुकटी म्हणजे बहुधा लिग्नाइट कोळशाची पूड. ती जिवाणूंचे नुसते बिऱ्हाड आहे.

थोडा हिशेब करू. अडीचशे ग्रॅमच्या पाकिटात १,२५० कोटी जिवाणू झाले. हे पाकीट दहा किलो बियाण्याला पुरते. दहा किलोत सोयाबीनचे साधारण ऐंशी हजार दाणे धरले, तर एका दाण्याच्या वाट्याला सुमारे दीड लाख जिवाणू येतात. त्यातील बरेच चिकटत नाहीत, काही वाळून मरतात आणि उरलेले मुळापर्यंत पोहोचतात. म्हणजे मानकातच फारशी उधळमाधळ नाही. आता हेच पाकीट एप्रिल-मेमध्ये तापलेल्या पत्र्याखाली पडून राहिले असेल तर आत काय उरले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. वजन तेच, रंग तोच, किंमत तीच. माल मात्र मेलेला.

म्हणून घेताना चार गोष्टी पाहाव्यात. एक, पिकाचे नाव. तुरीचे पाकीट सोयाबीनला चालत नाही. दोन, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख. भुकटीचे आयुष्य सर्वसाधारणपणे सहा महिने, द्रवाचे सुमारे वर्षभर. तीन, बॅच क्रमांक आणि उत्पादकाचे नाव. चार, ते ठेवले कुठे होते. दुकानात सावलीत, थंड जागी, कीटकनाशकांपासून दूर ठेवलेले असावे. दुकानदाराला हे विचारायला संकोच वाटू नये.

लावण्याची रीत

बियाण्याला बुरशीनाशक आणि कीटकनाशक लावायचे असेल तर ते आधी. जिवाणू सर्वांत शेवटी. उलट केले तर विषाने जिवाणूच मरतात. भुकटी असेल तर गुळाचे पाणी उकळून पूर्ण थंड करावे, त्यात भुकटी कालवावी आणि बियाण्यावर हलक्या हाताने चोळावी. सोयाबीनचे साल नाजूक असते, जोराने चोळल्यास ते निघते आणि उगवण बिघडते. द्रवरूप संवर्धक असेल तर दहा किलोंना शंभर मिलिलिटर पुरते. नंतर बियाणे सावलीत पसरून सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे. उन्हात वाळवू नये. रासायनिक खतात बियाणे मिसळू नये.

पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी दोन-चार झाडे मातीसकट हळूच उपटून पाहावीत. गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी-लालसर रंग दिसला तर जिवाणू कामावर आहेत असे समजावे. हा रंग आपल्या रक्तातल्या लाल द्रव्याच्याच जातीच्या एका द्रव्याचा असतो. गाठ आतून पांढरी किंवा हिरवट असेल तर ती काम करीत नाही.

आणखी एक सावधगिरी. भागीदार ठेवला तर त्याला काम द्यावे लागते. सोयाबीनला विद्यापीठाची शिफारस हेक्टरी तीस किलो नत्राची आहे. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीतच जवळजवळ २१ किलो नत्र असते. वरून गोण्या ओतत राहिल्या तर पिकाला आयते नत्र मिळते आणि गाठी वाढत नाहीत. पीक साखर वाचविते आणि नत्राचा सारा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून जातो.

धंद्याची बाजू

आमच्याकडे तरुण वारंवार विचारतात, जिवाणू खताचा कारखाना काढता येईल का? काढता येईल, पण आधी हिशेब ऐकावा. त्यासाठी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेला माणूस, निर्जंतुकीकरणाची यंत्रे, जिवाणू वाढविण्याची टाकी, स्वच्छ खोली, विद्यापीठासारख्या खात्रीच्या ठिकाणाहून मूळ जिवाणू आणि सरकारी परवानगी लागते. मुख्य अडचण मात्र वेगळीच आहे. खरिपात या मालाची विक्री पेरणीच्या पंधरा-वीस दिवसांत होते. पाऊस लांबला तर माल पडून राहतो आणि मुदत मात्र थांबत नाही. लोखंड, कापड किंवा सिमेंट पुढच्या हंगामात विकता येते, जिवाणू विकता येत नाहीत. म्हणून पहिल्याच वर्षी कर्ज काढून टाक्या बसवू नयेत.

आमच्या मते घाटनांदूरसारख्या गावात सुरुवात खालच्या पायरीवरून करावी. पेरणीच्या दिवसांत घरोघरचे बियाणे तपासून देणे, उगवण मोजून देणे आणि योग्य क्रमाने बीजप्रक्रिया करून देणे, अशी सेवा दोन-तीन तरुण मिळून देऊ शकतात. भांडवल थोडे लागते. फिरविण्याचा एक ड्रम, ताडपत्री, तराजू आणि मागणी नोंदवून आणलेले ताजे संवर्धक. एकरी तीस किलो बियाणे धरले तर शेतकऱ्याला तीन पाकिटे किंवा तीनशे मिलिलिटर द्रव लागतो. आधी मागणी घ्यावी, मग माल आणावा, म्हणजे पडून राहण्याचा धोका नाही. आणि चाळीस दिवसांनी त्याच रानात जाऊन शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर गाठ फोडून दाखवावी. याहून मोठी जाहिरात नाही. गाठ लाल निघाली नाही तर तेही मान्य करावे आणि कारण शोधावे.

जिवाणूंवर भाबडा विश्वासही ठेवू नये. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचा गुण घातलेल्या बीटी कपाशीला देशात २००२ साली परवानगी मिळाली. तिच्या आगमनात आपल्या जालन्याच्या महिको कंपनीचा पुढाकार होता. आरंभी फवारण्या कमी झाल्या आणि शेतकरी खूश झाला. पण गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावली आणि २०१७ साली महाराष्ट्रात तिने कपाशीची धूळधाण केली. जिवाणू जादूगार नाहीत. रायझोबियमही पाऊस आणणार नाही की पडलेला भाव चढविणार नाही. ओल नसेल तर पीक नाही आणि गाठीही नाहीत. तो नत्राचा खर्च हलका करू शकतो, इतकेच. पण कोरडवाहू शेतकऱ्यासाठी एवढेही थोडे नाही.

दुकानदार बंधूंना शेवटी एकच विनंती. युरियाची गोणी वर्षभर पडून राहिली तरी नत्र देते. हे पाकीट तसे नाही. ते सावलीत ठेवा, मुदत संपलेले फळीवरून काढून टाका आणि गिऱ्हाइकाला दोन शब्द समजावून सांगा. यात नफा थोडा आहे हे आम्हाला मान्य आहे. पण चाळीस दिवसांनी ज्याच्या झाडाच्या मुळाला लाल गाठी सापडतात, तो शेतकरी पुढच्या मृगाला त्याच दुकानाची पायरी चढतो. आणि ज्याच्या हाती बोडकी मुळे येतात, तोही ते दुकान विसरत नाही.